राजे, नथुराम आणि शिरूरचा मतदार

शिरूर लोकसभा मतदारसंघाचा नकाशा कधी नीट पाहिलाय का? वरच्या टोकाला जुन्नर तालुका, म्हणजे शिवनेरी, महाराजांचं जन्मस्थान. खाली भीमेच्या बाजूला वढू बुद्रुक, तिथे संभाजी महाराजांची समाधी. आणि अगदी बुडाशी, चुकून चिकटवल्यासारखं हडपसर. म्हणजे मगरपट्टा, अमानोरा आणि पाठीला लॅपटॉपची सॅक लावून गाडीतळाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले आमच्यासारखे लोक. पुणे शहरात राहून पुण्याचा खासदार न निवडणारे आम्ही! ऑफिसात कोथरूडवाल्यांनी "तुमचा खासदार कोण रे?" असं विचारलं की उत्तर द्यायच्या आधीच समोरचा हसायला लागतो, "अरे हो, तुमचे तर संभाजी महाराज!"

या हसण्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

डॉ. अमोल कोल्हे. मूळचे नारायणगावचे, शालेय शिक्षण थोडं आपल्या पुण्यातही, मग मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून एमबीबीएस. डॉक्टरकी मागे पडली आणि २००८ साली स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' आली. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, आपण तेव्हा शाळेत होतो, आणि त्यानंतर कितीतरी दिवस चौथीच्या पुस्तकातलं महाराजांचं चित्र बघितलं तरी आवाज मात्र कोल्ह्यांचाच ऐकू यायचा. पुढे २०१४ ला ते शिवसेनेत गेले. २०१७ च्या सप्टेंबरात झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादीत प्रवेश केला, लगेच शिरूरची उमेदवारी मिळाली, आणि समोर होते सलग तीन वेळा खासदार झालेले शिवाजीराव आढळराव पाटील. २९ एप्रिलला मतदान झालं तेव्हा मालिका जोरात चालू होती. म्हणजे दिवसा उमेदवार ओझरला-मंचरला मतं मागतोय आणि रात्री तोच माणूस घराघरात औरंगजेबाशी लढतोय. आढळरावांनी काय करायचं? मालिकेत तर शिरता येत नाही! ५८ हजारांवर मतांनी पडले.

माझी आजी शिरूर तालुक्यातली. त्या निवडणुकीत तिला विचारलं, "आजी, मत कुणाला?" तर म्हणाली, "आपलं राजं उभं ऱ्हायल्यात, मग इचारतूस काय?" मी म्हटलं, अगं आजी, ते राजे नाहीत, नट आहेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी. "मला कळत न्हाई व्हय? पर येवढी वर्सं राजाचं बोलनं बोलतोय, कायतरी अंगात मुरलं आसंल का न्हाई?"

आता या युक्तिवादावर हसणं फार सोपं आहे. पण मी त्यावर बराच विचार केलाय आणि मला तो तितका वेडगळ वाटत नाही. ती दोघांत गल्लत करत नव्हती. ती एक अंदाज बांधत होती, हाताशी असलेल्या माहितीवरून. आपण तरी इंटरव्ह्यूत दुसरं काय करतो? चाळीस मिनिटं एखादा पोरगा आत्मविश्वासाने बोलला की आपण त्याला मॉड्यूल सोपवून मोकळे होतो. आजीने तर दीड वर्ष रोज रात्री बघितलं होतं.

मला खरा राग येतो तो "नटाने राजकारण कशाला करावं" या वाक्याचा. साखर कारखान्याचा चेअरमन राजकारणात आला तर कुणी विचारत नाही, की बाबा, उसाचं कोण बघणार? बिल्डर आला, शिक्षणसम्राट आला, वकील आला, सगळं चालतं. आढळराव स्वतः उद्योजक, तेही चाललं. फक्त नट आला की आपल्याला एकदम 'पूर्णवेळ लोकप्रतिनिधी' हवा होतो. यात थोडा जुना उच्चवर्णीय वास आहे असं मला वाटतं, तमाशा-नाटकवाले म्हणजे जरा हलकेच, हा. शिवाय इतिहास काही या वाक्याच्या बाजूने नाही. सुनील दत्त १९८४ ला मुंबई वायव्यमधून उभे राहिले आणि राम जेठमलानींसारख्या माणसाला हरवून आले. १९८७ साली पंजाब पेटलेला असताना हा माणूस मुंबईहून अमृतसरला चालत गेला, दोन हजार किलोमीटर. ९३ च्या दंगलींनंतर खासदारकीचा राजीनामा दिला. आता याच्या शेजारी त्याच १९८४ ला अलाहाबादहून निवडून आलेले आणि तीन वर्षांत राजीनामा देऊन परतलेले अमिताभ ठेवा, आणि २००४ ला राम नाईकांसारख्या पाच वेळच्या खासदाराला पाडून पुढे २००९ ला पुन्हा उभंच न राहिलेला गोविंदा ठेवा. तिघंही नट. त्यावरून नटांबद्दल काय सिद्ध होतं? काहीच नाही. राम नाईकांना विरारच्या लोकलसाठी धडपडणारा माणूस म्हणून ओळखणाऱ्या प्रवाशांनी त्यांना पाडलं, हे मात्र मला आजही पटत नाही. असो.

पण कोल्ह्यांची केस या तिघांसारखी नाही, आणि खरा गुंता तिथेच आहे. सुनील दत्तना लोकांनी सुनील दत्त म्हणून मत दिलं. 'मदर इंडिया'तला बिरजू डाकू म्हणून नव्हे. कोल्ह्यांना निदान २०१९ ला तरी भूमिकेने निवडून दिलं. त्यांचा फेटा, त्यांची ती जड ठेहरावाची भाषणशैली, सभेची सुरुवात, सगळं 'राजे' या शब्दाशी जोडलेलं. हे त्यांनी नाकारलं नाही. का नाकारावं? मतं मिळत होती.

मग आला जानेवारी २०२२. 'व्हाय आय किल्ड गांधी' नावाचा एक छोटा सिनेमा, २०१७ मध्ये शूट झालेला, तीस जानेवारीला, म्हणजे बरोब्बर गांधीजींच्या पुण्यतिथीला, ओटीटीवर येणार म्हणून जाहीर झाला. आणि त्यात नथुराम गोडसे कोण, तर आमचे खासदार! गांधींचं नाव घेणाऱ्या आघाडीतला खासदार. काँग्रेसवाले खवळले, स्वतःच्या पक्षातले जितेंद्र आव्हाडही उघडपणे विरोधात बोलले. शरद पवारांनी बाजू घेतली ती कलाकार म्हणून. कोल्ह्यांचं म्हणणंही तेच होतं: मी भूमिका केली म्हणजे तो विचार माझा होत नाही, आणि तेव्हा मी खासदारही नव्हतो. पुढे आळंदीला इंद्रायणीकाठी बसून त्यांनी आत्मक्लेशही केला.

आता तत्त्व म्हणून त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. नथुराम करणारा नट नथुराम नसतो. पण मग संभाजी करणारा नटही संभाजी नसतो, नाही का? आमच्या धंद्यात एखादी बाहेरची लायब्ररी घेतली की तिच्यातले बगही घ्यावे लागतात. 'मला फक्त चांगली फंक्शन्स द्या' असं म्हणून चालत नाही. शिवनेरी ते वढूपर्यंत एका भूमिकेचं पुण्य गोळा केलं असेल तर दुसऱ्या भूमिकेचं पाप दारात आल्यावर "तो वेगळा आणि मी वेगळा" म्हणणं जरा उशिरा सुचलेलं वाटतं. हे वाक्य २०१९ ला ओझरच्या सभेत म्हटलं असतं तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या!

गंमत म्हणजे लोकांनी या सगळ्याचं फारसं मनावर घेतलं नाही. आणि इथे माझ्या 'भूमिकेला मत' या थिअरीलाच एक अडचण येते, ती सांगितलीच पाहिजे. १९९१ ला 'रामायण' मालिकेतली सीता, दीपिका चिखलिया, बडोद्यातून भाजपची खासदार झाली. ठीक. पण त्याच वर्षी, त्याच पक्षातून, साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदी निवडून आले. म्हणजे कोण? रावण! आणि पडद्यावरचा राम, अरुण गोविल, त्याला लोकसभेत पोहोचायला २०२४ उजाडावं लागलं. आपले मराठी नितीश भारद्वाज, हेही डॉक्टरच, पण जनावरांचे, 'महाभारता'तले कृष्ण म्हणून १९९६ ला थेट जमशेदपूरहून निवडून गेले आणि १९९९ ला मध्य प्रदेशातल्या राजगढला पडले. कृष्ण पडतो आणि रावण निवडून येतो, म्हणजे लोक काही सद्गुणाला मत देत नसावेत. ते ओळखीला देतात. रोज रात्री घरात येणारा माणूस हा घरचाच होतो, मग तो सीता पळवून नेणारा का असेना. आजीचं 'मुरलं असंल' यात राजेपण कमी आणि ओळख जास्त असावी असं मला आता वाटतं.

ओळखीने एकदा निवडून येता येतं. दुसऱ्यांदा काय होतं, हे बघण्यात मला जास्त इंटरेस्ट होता.

पाच वर्षांचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. संसदेत हा माणूस चांगला बोलतो, तयारी करून बोलतो, प्रश्न विचारतो. त्याबद्दल संसदरत्न पुरस्कारही मिळाला. आणि मतदारसंघात दिसत नाही ही ओरडही पहिल्यापासून होती, ती अगदीच खोटी नव्हती. २०२२ ला खासदार असतानाच 'शिवप्रताप गरुडझेप' आला, निर्माते तेच, महाराजही तेच. मग 'शिवपुत्र संभाजी' महानाट्याचे प्रयोग. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसलेल्या माणसाने आपल्या खासदाराचं घोड्यावरचं पोस्टर बघून काय म्हणायचं? जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला तेव्हा अजित पवारांच्या शपथविधीला राजभवनात हजर, आणि दुसऱ्या दिवशी मी साहेबांसोबत! तो चोवीस तासांचा एपिसोड कुठल्याही मालिकेपेक्षा चांगला होता.

पण त्याच डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. माझा मामा मंचरजवळ कांदा करतो. भाव असा पडला की मामाने फोनवर भाव सांगायचंच बंद केलं, नुसतं "चाललंय" म्हणायचा. कोल्ह्यांनी शिवनेरीवरून पुण्याच्या कलेक्टर कचेरीपर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला, चार दिवस. त्याच महिन्यात लोकसभेतून निलंबित झालेल्या खासदारांच्या यादीतही त्यांचं नाव होतं. आमच्या हडपसरला यातलं काही जाणवलं नाही. आम्हाला कांदा स्वस्त मिळत होता. एकाच मतदारसंघात कांदा विकणारा आणि घेणारा दोघंही असतात, आणि खासदाराला एकाची बाजू घ्यावी लागते. त्याने मामाची घेतली. मला ते आवडलं, माझ्या भाजीच्या बिलाच्या विरोधात असूनही.

१३ मे २०२४. मालिका संपून चार वर्षं झालेली. चिन्हांची तर अदलाबदलच: ज्या घड्याळावर कोल्हे २०१९ ला निवडून आले ते आता आढळरावांच्या हातात, आणि कोल्ह्यांकडे नवीकोरी तुतारी. अजित पवारांनी हा माणूस पाडूनच दाखवतो असं आव्हान दिलेलं. निकाल लागला तेव्हा मताधिक्य ५८ हजारांवरून एक लाख चाळीस हजारांवर गेलं होतं. फुटीची सहानुभूती, कांदा, राज्यभरची हवा, कशाचा किती वाटा हे सांगणं अवघड आहे. पण रोज रात्रीच्या संभाजीचा वाटा २०१९ पेक्षा नक्कीच कमी होता.

मामाला मी विचारलं होतं, या वेळी पण राजांना का? तो वैतागून म्हणाला, "राजं बिजं जाऊ दे रे, शनवारी येतोस का? कांदा भरायला मानसं मिळंनात."

गेलो होतो. चाकणला दोन तास.