भरपाई उसाच्या फडात हवी

गळिताचा हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत तोडणी झालेल्या फडांतून धूर उठू लागतो. ऊस कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला जातो, वाढे जनावरांपुढे पडते आणि हेक्टरी ८ ते १० टन पाचट जागेवरच पेटवून दिले जाते. याच दोन तालुक्यांत रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती आहेत. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ज्यांच्यावर उत्सर्जनाचे बंधन नाही त्यांनाही उत्सर्जन घटवून क्रेडिट मिळवण्याची वाट खुली झाली. सक्ती आज मोजक्याच उद्योगांवर असली तरी तिचा परीघ वाढतच जाणार. कारखान्याने आधी स्वतःचा बॉयलर, स्वतःची वीज, स्वतःची वाहतूक सुधारावी आणि एवढे करूनही जे उत्सर्जन उरते तेवढ्याचीच भरपाई विकत घ्यावी, यावर दुमत नसावे. प्रश्न ती भरपाई कुठे करायची हा आहे. आमच्या मते तिचा पहिला रुपया याच तालुक्यांतल्या उसाच्या फडात पडला पाहिजे.

पाचट जाळण्याचा तोटा सांगताना अतिशयोक्ती नको. धुरातून जाणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे जळालेला प्रत्येक टन हवामानाच्या खात्यावर नावे टाकणे चूक ठरेल. खरा भार वेगळा आहे. अर्धवट जळणातून मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी बाहेर पडते, आणि नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. शिवाय पाचटात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र असते. हेक्टरी ४० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या, धुरावाटे जातात आणि शेतकरी तेच नत्र पुन्हा दुकानातून आणतो. तो युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो. पाचट सरीत कुजवले तर हे नत्र हळूहळू पिकाला मिळते आणि सेंद्रिय कर्ब जमिनीत मुरतो. वरच्या १५ सेंटिमीटर थरातला कर्ब ०.१ टक्क्याने जरी वाढला, तरी हेक्टरी सुमारे २ टन कार्बन, म्हणजेच ७ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड, जमिनीत साठतो. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात आच्छादनाचा आणखी एक उपयोग मोलाचा आहे: ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या कमी लागतात. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की सुमारे ३० युनिट वीज जळते. कोळशावर उभ्या असलेल्या आपल्या वीजव्यवस्थेत त्याचा अर्थ २० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड असा होतो. शिरूरच्या उसात बिबट्या मुक्कामाला असताना रात्रीची एक पाळी वाचणे म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग शेतकरी पाचट जाळतो कशाला? त्याला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. खोडव्याचे पहिले पाणी वेळेवर द्यायचे असते, मजूर मिळत नाहीत, पाचटात उंदीर आणि साप होतात, पाटपाणी अडते. काडी लावायला काहीच खर्च नाही. उलट पाचट राखायचे तर बुडखे छाटायचे, पाचट सरीत दाबायचे किंवा ट्रॅक्टरवरच्या यंत्राने त्याची कुट्टी करायची आणि वर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकायचे. कृषी खाते आणि साखर संशोधन संस्था हे तंत्र कित्येक वर्षे सांगत आहेत. तंत्रात उणीव नाही. पहिल्या महिन्याचा खर्च कोण सोसणार, तिथे घोडे अडते. भरपाईच्या पैशाचे काम नेमके तेच आहे. कुट्टीयंत्राचे भाडे आणि संवर्धकाची किंमत रांजणगाव-कुरकुंभच्या उद्योगांनी उचलली, तर एरवी जळणारे पाचट वाचेल. एरवी झालेच नसते ते घडवून आणणे, हीच क्रेडिटची पहिली अट असते.

झाडे लावण्याला आमचा विरोध नाही. पण भरपाई म्हटले की माळरानावर खड्डे खणायचे, ही सवय सोडायला हवी. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले. त्या मोहिमेवरून इतका वाद झाला की २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. दौंडच्या माळाला पडीक म्हणणेही चुकीचे आहे. तो लांडग्यांचा अधिवास आहे आणि धनगरांच्या मेंढ्यांचे चराऊ रान आहे. तिथल्या गवताचा कार्बन मुळांत, जमिनीखाली असतो. परदेशातही कागदी भरपाईचा अनुभव कडू आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आणि ‘डी झाइट’ यांच्या संयुक्त शोधात, ‘व्हेरा’ने प्रमाणित केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिटमागे खरी घट नसल्याचा निष्कर्ष निघाला. व्हेराने तो नाकारला, पण विश्वास डळमळायचा तो डळमळलाच. हाच आक्षेप जमिनीतल्या कर्बावरही घेता येतो. एका वर्षी साठवलेला कर्ब पुढच्या खोल नांगरटीत किंवा एका काडीने निसटू शकतो. म्हणून पैसे एकदम न देता हंगामागून हंगाम द्यावेत. मातीची तपासणी आधी आणि नंतरही व्हावी. फड पेटला तर तो उपग्रहाच्या चित्रात दिसतो. त्या वर्षीचा हप्ता थांबावा.

दरडोई उत्सर्जनात भारतीय माणूस अमेरिकी माणसाच्या कितीतरी मागे आहे, मग भार शिरूरच्या शेतकऱ्यावर का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत तो लावून धरलाच पाहिजे. पण इथे भार शेतकऱ्यावर पडतच नाही. पैसा उद्योगाचा आहे, कर्ब आणि ओल शेतकऱ्याच्या जमिनीत राहते. जिल्हा प्रशासनाने, साखर कारखान्यांनी आणि दोन्ही वसाहतींतल्या उद्योगांनी यंदा गळीत सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यातली काही गावे निवडावीत, मातीचे नमुने घ्यावेत आणि तोडणीच्या वेळापत्रकाबरोबरच कुट्टीयंत्राचेही वेळापत्रक लावावे. टोळी फडाबाहेर पडेल त्याच आठवड्यात यंत्र बांधावर पोहोचले पाहिजे.