पाझर तलाव बांधणाऱ्यांना पाझर शिकवू नका



"काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही, तुम्ही उगाच भिता." राखेच्या तळ्याबद्दल विचारले की आम्हाला हे उत्तर मिळते. एका साहेबांनी तर एवढ्यावरच बैठक उरकली. साहेब मे महिन्यात रानात उतरलेले नसावेत. ओली काळी माती फुगते, पाणी धरते, हे खरे. तीच माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की काठी घातली तर आत जाते. तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली फटींचा खडक. आपल्या विहिरीला पाणी येते ते याच फटींतून. मग तळ्याचे पाणी तेवढे शहाण्यासारखे वरच थांबेल काय?

आम्ही बोलतो आहोत ते परळीबद्दल. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात हे औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. ती पाण्यात कालवून नळाने तळ्यात सोडायची, ही जुनी रीत. राख खाली बसते. तिच्यातले बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम थोडे थोडे पाण्यात उतरते, आणि तळाला अस्तर नसेल तर ते पाणी जमिनीची वाट धरते. परळीचा उतार गोदावरीकडे, आणि गोदावरी पुढे नांदेडला येते. तेव्हा हे दुखणे बीडकरांचे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

तळे फुटले की पेपरात फोटो येतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, चिखल शेतांत आणि नदीत गेला. झिरपण्याचा फोटो निघत नाही. पण दोन्हींचे मूळ एकच, पाण्याचा हिशेब न ठेवणे. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो येथे लोहखाणीच्या गाळाचा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी कोसळला, २७० माणसे गेली. त्या तळ्यात २०१६ पासून नवा गाळ पडत नव्हता. आतल्या पाण्याचा निचरा मात्र नीट नव्हता.

दुसरे उत्तर असे, "पीक तर उभे आहे ना?" आम्ही शेतकीचीच पदवी घेतली आहे, म्हणून सांगतो. कापूस आणि ज्वारी बोरॉन पुष्कळ सोसतात. लिंबू, घेवडा सोसत नाहीत. त्यांच्या जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात. हिरवी पऱ्हाटी म्हणजे पिण्याच्या पाण्याचा दाखला नव्हे. आणि आर्सेनिक तर पानावर पाहून कळतही नाही.

आता उपाय. १९७२ च्या दुष्काळी कामांवर पाझर तलाव कोणी बांधले? आपल्याच आईबापांनी. बांधाखाली कठीण थर लागेपर्यंत चर खणायचा, त्यात काळी माती ओली करून धुम्मसाने ठोकायची, म्हणजे बांधाखालून पाणी पळत नाही. त्यांना ही विद्या खडी फोडणाऱ्या मजुरीत मिळाली. शेततळ्यातले गोडे पाणी जाऊ नये म्हणून आपल्याला ५०० मायक्रॉनचा कागद अंथरायला सांगतात. राखेच्या तळ्याला काय अंथरले, हे विचारले की फाईल सापडत नाही!

म्हणून नुसती नुकसानभरपाई मागू नका. ती विहीर बिघडल्यावर मिळते, मिळालीच तर. तळाला अस्तर मागा, आणि ते मातीचे असेल तर सुकून तडकणार नाही अशी सोय मागा. बांधाच्या पायथ्याशी चर मागा, त्यात उतरलेले पाणी पंपाने परत तळ्यात गेले पाहिजे. तळ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी मागा. वरची नसेल तर "तुमचे पाणी आधीपासूनच असे होते" म्हणायला ते मोकळे. तपासणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणण्याची सक्ती केली. राख उचलली जाईल तेव्हा जाईल. खाली गेलेले पाणी ट्रकमध्ये भरता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज गावोगाव एकाच मजकुराचा जावा. तळ्याचा नकाशा, तळाचे अस्तर आणि आजवरच्या पाणी तपासण्या, एवढेच मागायचे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना अर्जाची पोच घेऊन या.