डबा बदला म्हणे!

"यंत्र चुकीचं दाखवतंय" म्हटलं की आजकाल एकच उत्तर मिळतं, नवीन घ्या. आणि मंडळी, ही सवय लोकांना लावली कोणी? आपणच की, आयटीवाल्यांनी! रिस्टार्ट करा, नाही जमलं तर फॉरमॅट मारा, तरी नाही जमलं तर बदला. ऑफिसात खपून जातं. पाण्यात नाही खपत.

आमच्या गडचांदूरचंच घ्या. अमलनाला धरणावर ओळखीच्या एका भाऊंची छोटी मोटरबोट आहे, तिला डेप्थ फाइंडर लावलेला. जिथे बांबू दीड मीटरवर टेकतो तिथे हा पठ्ठ्या तीनच्या आसपास दाखवायचा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे, "डबा गेला, नवीन बसवू." तळ कसा आहे, इंजिन चालू होतं का, बॅटरीला व्होल्ट किती... एक प्रश्न नाही!

अहो, डबा गेला असता तर आकडा नेमका दुप्पट कशाला आला असता? हे यंत्र खाली आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं, बस. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे दीड मीटरवरून दोनेक मिलिसेकंदांत परत. पण पाणी उथळ आणि तळ कडक असला की तो वर पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा येतो. सेन्सिटिव्हिटी चढवून ठेवली असेल तर यंत्र ही दुसरी फेरीच धरून बसतं. आम्ही ती उतरवली, आकडा बांबूशी जुळला. वीतभर फरक राहिला, तो ट्रान्सड्यूसर जेवढा पाण्याखाली असतो तेवढा. खर्च शून्य.

"एवढ्याने काय बिघडतं?" बिघडतं, कारण ही चूक पाणी खोल दाखवण्याची आहे. भरवशावर बोट दामटली की पंखा खडकावर, आणि बोटीत माणसं असतात.

आकडा लुकलुकतो त्याचंही तेच. बऱ्याच यंत्रांत याचा अर्थ तळ सापडत नाहीये, हा जुना आकडा आहे. लोक तोच खरा धरतात! कारणं बहुतेक वेळा डब्याबाहेर सापडतात : ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे, त्यावर शेवाळ, हिरवं पडलेलं कनेक्शन, स्टार्टर मारताना पडणारा व्होल्टेज.

दुसरी टोळी म्हणते, आपले ढिवर पिढ्यानपिढ्या बांबूवरच नाव हाकतात, यंत्र हवंच कशाला? मान्य, पण दहा मीटरला बांबू पुरत नाही. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर अलेक्झांडर बेम आवाजाने हिमनग हुडकायला निघाला आणि हाती लागली समुद्राची खोली. १९१३ चं पेटंट आहे. असो.

तर या रविवारी बोट काढणार असाल तर दोरीला ओळंबा बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा, इंजिन बंद करून दोन-तीन जागी मोजा. मग इंजिन चालू करून पुन्हा. एवढं करूनही नाही जुळलं तर लावा दुकानदाराला फोन.