उधारीची वही आणि रोखीचा बाजार

तासगाव भागात बागायतदार आणि किराणा दुकानदार यांचा व्यवहार वर्षाच्या वायद्यावर चालत आला. बेदाण्याचा सौदा झाला, पट्टी हातात पडली की मागली उधारी भागवायची आणि "मांडून ठेवा" म्हणत पुन्हा माल उचलायचा. आता घरातली पोरं म्हणतात, शहरातल्या मोठ्या दुकानात चला, तिथं स्वस्त पडतं. स्वस्त पडतं हे खरं, पण का पडतं?

एका छपराखाली सगळा माल आणि घासाघीस न करता ठरलेला भाव, ही रीत १८५२ पासून पॅरिसच्या 'बाँ मार्शे' दुकानानं रुजवली. त्याआधी १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलला विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी सहकारी दुकान काढलं. चोख माल, पुरं माप, उधारी बंद. आणि नफा ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात सभासदाला परत. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली निघालेला अपना बाजार त्याच सहकाराच्या वाटेचा. २००२ साली पवईत डी-मार्ट सुरू झालं. तिथं माल घाऊक घेतात, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करतात आणि त्याबदली भाव पाडून घेतात. स्वस्ताईचं गणित हेच. फक्त नफा गिऱ्हाइकाला नाही, भागधारकाला जातो.

गावचा दुकानदार हे करू शकत नाही, कारण त्याचं भांडवल आपल्याच वहीत अडकलेलं असतं. त्याचं व्याज तो भावात धरतो. म्हणजे उधारी फुकट नाही. पण अवकाळीनं बाग गेली तर हाच दुकानदार पुढच्या पट्टीपर्यंत थांबतो. मॉलचा काउंटर थांबत नाही.

तेव्हा दुकान मोडू नका, उधारी कमी करा. पट्टी आली की तीन-चार महिन्यांच्या तेल, साखर, डाळीचे पैसे बाजूला काढा. दहा-वीस घरांनी मिळून घाऊक माल आणावा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून असंच एकत्र खरेदी करून वाटप करते. विकास सोसायट्यांना कर्जवाटपाशिवाय इतर धंदे करायला केंद्राच्या २०२३ च्या आदर्श पोटनियमांनी वाट दिली आहे. सचिवांनी आणि संचालकांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. बेदाणा आपण घाऊक विकतो. मग किराणा तरी किरकोळीनं का घ्यायचा?