विकलेल्या गाडीचा दंड



गेल्या पंधरवड्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका शेतावर गेलो होतो. कामगंध सापळे पाहून झाले. निघताना शेतमालक हळूच म्हणाले, "साहेब, एक दाखवायचं होतं." मोबाईलवर वेगमर्यादा ओलांडल्याच्या दंडाची ई-चलने होती. एक नव्हे, तीन. आणि ती मोटारसायकल तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बाजाराच्या दिवशी विकलेली! पैसे रोख मिळाले, कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आरसी मात्र त्यांच्याच नावावर राहिली.

मला हसू आले नाही. माझी जुनी स्कूटर मीही अशीच देऊन टाकली होती. बी.एस्सी. होऊनसुद्धा वर्षभर नावबदलाची आठवण झाली नाही.

कायदा मालक कोणाला म्हणतो? ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. गाय विकल्यावर दावे सोडून देतो, तसे गाडीचे होत नाही. दंडाचे एक वेळ सोसेल. पण त्या गाडीने कोणाला उडवले आणि विमा नसला तर भरपाई लाखांत जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितले आहे, की नोंदीत ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, मग गाडी पुढे कितीही हात बदलत गेलेली असो.

आता चलन आलेच तर काय करावे? आधी खरे-खोटे पाहा. चलनाच्या नावाखाली फसवे संदेश येतात. त्यातली फाईल उघडली की बँकेतले पैसे जातात. म्हणून संदेशातल्या दुव्याला हात न लावता वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बघा. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा. तिथे फोटो, ठिकाण आणि वेळ दिसते. फोटोतली गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला असेल, तर तिथेच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. चूक आपली असेल तर भरून मोकळे व्हा. मात्र नको ती कटकट म्हणून दुसऱ्याचे चलन भरू नका. भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे.

कोर्टाचे समन्स आले तर ते कणगीमागे खोचून ठेवू नका. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने ती गरजूंना फुकट वकील देते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. गाडी घरधनिणीच्या नावावर असेल तर अर्ज तिनेच करावा. इतरांना उत्पन्नाचा दाखला लागतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही माहिती मिळते. कोर्टाच्या आवारात कोणी "मी मिटवून देतो" म्हणत भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

लोकअदालतीतही अशी चलने तडजोडीला ठेवतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसते, तेव्हा वाचून, विचारून मगच सही करावी. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा तडजोडीत बसत नाही. त्याला वकीलच हवा.

आमच्या शेतमालकांचा खरेदीदार शेजारच्याच गावचा निघाला. माणूस भला आहे. सोमवारी दोघे आरटीओत जाणार आहेत. तीन चलनांचे पैसे कोणी भरायचे, यावर मात्र अजून चहाच चालू आहे.