लास्ट किती बोला!

विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडणारे आपण, भाव करणार नाही तर काय! अर्नाळ्याच्या किनाऱ्याजवळ आम्हा चुलत भावंडांचं घर आहे. वर्षाचे आठवडे वाटून घेतलेत, म्हणजे घरगुती टाइमशेअरच. माझा आठवडा मी भाड्याने देते. दोन रात्रींचे ६००० म्हटलं की पलीकडून हमखास, "तीनमध्ये जमवा ना ताई!"

चिडायचं नाही. आधी तारीख विचारायची. ३१ डिसेंबर असेल तर गोड आवाजात सॉरी. पावसाळ्यातला मंगळवार असेल तर जरा दमानं घ्या. रिकामा गेलेला आठवडा परत येत नाही आणि घरपट्टी काही चुकत नाही. अशा वेळी सफाई, वीज, चादरींची धुलाई आणि वर थोडं सुटलं तरी पुरे. त्याखाली मात्र नाही म्हणजे नाही.

भाव उतरवलात तर बदल्यात काहीतरी मागा. पूर्ण पैसे आगाऊ, माणसं चारच. फुकटची सूट दिली की तोच दर पुढच्या वेळी दादालाही ऐकवतात. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजतात, ती रंगवायची ती याच भाड्यातून. यंदा पत्रेही बदलायचेत.

परवाचा तीनवाला साडेचारवर आला. दोन दिवसांनी फोन त्यानेच केला, मी नाही!