विश्लेषण : साखळी नियमातला ‘आतला’ गुणक का सुटतो?

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालेली जीप देवगोई घाट चढू लागते, तशी हवा थंड होत जाते. बारावीच्या गणितातल्या संयुक्त फलनांच्या अवकलनाचा गाभा या प्रवासात आहे. वर्गात मात्र हा धडा सहसा सूत्रापासून सुरू होतो आणि मुलांचे गुण तिथेच गळतात.

नियम नेमका काय?

उंचीनुसार तापमान दर १०० मीटरला सरासरी ०.६५ अंश सेल्सिअसने घटते, म्हणजे मीटरमागे ०.००६५ अंश. समजा, जीप मिनिटाला २० मीटर उंची गाठते. मग तापमान मिनिटाला ०.००६५ गुणिले २०, म्हणजे ०.१३ अंशाने घटेल. तापमान उंचीवर अवलंबून आणि उंची वेळेवर. अशा एकात एक गुंतलेल्या फलनांना संयुक्त फलन म्हणतात. दोन्ही दरांचा गुणाकार करायचा, हाच साखळी नियम. लायब्निट्सच्या १६७६ मधील लेखनात तो आढळतो.

चूक कुठे होते?

(३क्ष + १)² चा अवकलज अनेक जण २(३क्ष + १) लिहून मोकळे होतात. आतल्या कंसाचा दर ३ आहे, तो राहून जातो. कंस सोडवला की चूक दिसते : ९क्ष² + ६क्ष + १ चा अवकलज १८क्ष + ६ येतो, तो आधीच्या उत्तराच्या तिप्पट आहे. ३ विसरणे म्हणजे जीप किती वेगाने चढते हे न विचारताच गारव्याचा हिशेब सांगणे. घात २ ऐवजी २० असेल, तर कंस सोडवून पडताळणेही अवघड. तिथे समजच कामी येते.

मोलगीत हा प्रश्न मोठा का?

सातपुड्यातल्या अनेक मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी, शाळेची मराठी. विज्ञान शाखेत गणित बहुतांशी इंग्रजीतून येते. तिसऱ्या भाषेतले सूत्र अर्थाविना पाठ केले, तर ते परीक्षेच्या दडपणात निसटते. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी २ गुणांचे. गुणक विसरून आलेले उत्तर पर्यायांत दिसले, तर शंकाही येत नाही.

मग करायचे काय?

अभ्यासक्रम मोठा, वेळ कमी, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण एक तास घाटाच्या उदाहरणाला द्यावा. ‘कशावर काय अवलंबून आहे’ हे मुलांनी आधी आपल्या भाषेत सांगावे, दोन्ही दर वेगळे लिहावेत आणि मगच सूत्राकडे वळावे. तो एक तास पुढच्या अनेक उजळण्या वाचवेल. रोज घाट चढणाऱ्या मुलांना गणित परके वाटत असेल, तर दोष त्यांच्या बुद्धीचा नाही, धड्याच्या सुरुवातीचा आहे.